पासपोर्ट सध्या नको

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी जर्मन झालो. फार वेळ लागला नाही, आधीची बावीस वर्षं सोडली तर. कचेरीतल्या बाईंनी एक कागद पुढे केला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं: इथल्या राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन, या देशाला अपाय होईल असं काही करणार नाही. मी वाचलं. वाचताना शंका आली की मागच्या महिन्यात रविवारी मी काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्या होत्या, शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी, ते यात मोडतं का. पण बाईंनी तोवर हात पुढे केला होता.

घरी आल्यावर सुलेखानं निरखून पाहिलं. "काही फरक दिसत नाही. परत करून बघ," म्हणाली. तिनं स्वतः अर्ज केलेला नाही. घरात एक तरी भारतीय हवा, नाहीतर तिकडून भाजणी कोण आणणार, असं तिचं म्हणणं. ईश्वरी बारा वर्षांची, जन्मापासून जर्मन. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "ना, एंटलिश." म्हणजे झाला एकदाचा.

जर्मनीला आता दोन नागरिकत्वं चालतात. भारताला चालत नाहीत. म्हणजे ते वाक्य वाचून संपलं त्या क्षणी माझा भारतीय पासपोर्ट मेला. तो कपाटात आहे, दिसायला ठणठणीत. तो म्युनिकच्या आपल्या कॉन्सुलेटकडे जमा करायचा असतो. सवडीनं करू.

सांगलीला वडिलांना, म्हणजे नानांना, अजून कळवलेलं नाही. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस, पंधरा ऑगस्टला अजून कडक इस्त्रीचा सदरा घालतो. अशी गोष्ट समोर बसून सांगावी, फोनवर ती नीट पोचत नाही, असं माझं मत आहे. भेट ठरली की सांगेन.

१४ सप्टेंबर, रविवार

कायदा असा आहे की प्रत्येक जर्मनाकडे ओळखपत्राचं कार्ड किंवा पासपोर्टचं पुस्तक, दोन्हींपैकी एक असलंच पाहिजे. एक पुरतं. लोक सरसकट दोन्ही काढतात. का काढतात हे त्यांना विचारलं तर "असू द्यावं" म्हणतात. इंजिनिअर माणसानं असं बोलू नये.

मी त्सुफेनहाउझेनमध्ये ज्या कंपनीत ब्रेकच्या चाचण्या करतो, तिथे एखादा स्क्रू निवडायचा तरी तक्ता करतात. डावीकडे कसोट्या, प्रत्येक कसोटीला तिचं वजन, पुढे गुण, खाली बेरीज. बेरीज बोलते, माणसानं गप्प बसायचं. दुपारी मी तसाच तक्ता केला. खिशात मावणं, ऑनलाइन ओळख पटवणं, हरवलं तर होणारा त्रास, किती देशांत चालतं. कार्डावर अख्खा युरोप फिरता येतो, आइसलँडपासून ग्रीसपर्यंत. कार्ड बऱ्याच फरकानं जिंकलं.

सुलेखानं चहा ठेवताना तक्ता वाचला. "यात भारत कुठाय?"

"आहे की. 'युरोपबाहेर, इतर' यात."

"इतर."

"वजन वापरानुसार दिलंय. आपण तीन वर्षांत गेलेलो नाही."

"मी गेले होते. दोनदा."

"हो, पण तक्ता माझा आहे."

ती तक्त्यावर कप ठेवून गेली. मी त्यानंतर अर्धा तास हे तपासत होतो की वजनं मी निकाल आधी ठरवून तर दिली नाहीत ना. प्रामाणिकपणे तपासलं. तसं काही आढळलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

ऊर्मिलाचा फोन. धाकटी बहीण, घटस्फोटानंतर नऊ वर्षं सांगलीत नानांबरोबर राहते, शाळेत शिकवते. ते पहिलं लग्न नानांनीच ठरवलं होतं. त्यावर घरात आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही, आणि आमच्या घरात याला समजूतदारपणा म्हणतात.

ती आज गच्चीवरून बोलत होती. तिला लग्न करायचंय. प्रताप नावाचे गृहस्थ आहेत, तासगावचे, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, बायको चार वर्षांपूर्वी गेली. मी म्हटलं, छान. खरंच छान वाटलं. मग तिनं मुद्दा काढला.

"दादा, नोंदणी लग्न म्हणजे महिनाभर आधी नोटीस लागते. तिकडे कचेरीत फळ्यावर. नानांच्या सकाळच्या कट्ट्यावर एक जण आहेत, त्याच कचेरीतून रिटायर झालेले. अजून रोज जाऊन फळा वाचतात."

"मग आधी नानांना सांग."

"माझ्याच्यानं नाही होणार. मी तोंड उघडलं की आधी मलाच रडू येतं, आणि नाना उठून जातात. तू ये. तू समोर बस आणि सांग. तुझं ऐकतात ते."

"बघतो. इथे जरा कागदपत्रांचं चाललंय."

"दिवाळीनंतर नोटीस द्यायची म्हणतोय आम्ही. त्याच्या आत ये. मी नानांना सांगून ठेवलंय, दादा येणार आहे, त्याला काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय."

हे तिनं मला न विचारता करायला नको होतं. विचारलं असतं तर मी "आधी बघू" म्हटलं असतं, हे तिला माहीत असावं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ब्युर्गरब्युरो, म्हणजे नागरिकांची कचेरी. हल्ली कागदी फोटो घेत नाहीत, तिथल्याच यंत्रासमोर उभं राहायचं. यंत्र वर-खाली होत माझा चेहरा शोधत राहिलं. फोटोत मी कोणाची तरी माफी मागतोय असं दिसतं, पण यंत्रानं तो मान्य केला.

काउंटरवरच्या बाई तरुण होत्या. "आउसवाइस आणि रायझेपास, दोन्ही?" म्हणजे कार्ड आणि पासपोर्ट.

"फक्त आउसवाइस. पासपोर्ट सध्या नको."

"नक्की? एकाच खेपेत होईल. परत यायला नको."

"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर. त्यांच्या कोणत्या वाक्याला मी बरोबर म्हणालो, ते त्यांनी विचारलं नाही. त्या टाइप करायला लागल्या.

बाहेर आल्यावर जाणवलं की ऊर्मिलाचं बोलणं मी तक्त्यात धरलेलं नाही. पण तक्ता तिच्या फोनच्या आधीचा होता. निकाल लागल्यावर कसोट्या बदलायच्या नसतात, नाहीतर तक्त्याला अर्थ काय? आणि पासपोर्ट काढला की आधीचा भारतीय पासपोर्ट जमा करणं आलं, मग व्हिसा आला, मग नानांना सांगणं आलं. एकदम इतकं अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज व्हिडिओ कॉलवर नानांना ऊर्मिलाबद्दल सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर निदान हे. मुद्दे लिहून समोर ठेवले होते: १) वय, २) एकटेपणा, ३) माणूस चांगला.

नाना पडद्याच्या फार जवळ बसतात, त्यामुळे मला त्यांचा एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसते.

"काय म्हणतोस हृषी? तू येणार होतास म्हणे."

"बघतोय नाना. काम आहे जरा."

"काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय म्हणत होती ऊर्मिला."

"नाही, तसं काही नाही. असंच."

"असंच."

"म्हणजे, तब्येत वगैरे."

"तब्येत बरी आहे. अजून काही?"

त्यांचा डोळा पडद्यावरून हलला नाही. मी कोयनेत यंदा पाणी किती आहे ते विचारलं. त्यांनी बरंच सांगितलं. मध्ये मागून ऊर्मिला ताट घेऊन गेली, तिनं पडद्याकडे बघितलं आणि लगेच आत गेली.

मला वाटतं की वातावरणनिर्मिती झाली. पुढच्या वेळी विषय काढणं सोपं जाईल.

(नंतर) वरचं वाक्य मी तीनदा वाचलं. खोडणार नाही, पण त्याची जबाबदारीही घेणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कार्ड आलं. सुबक आहे. सुलेखानं हातात घेऊन उलटसुलट केलं. "ग्रंथालयाच्या कार्डासारखं आहे. उशीर झाला तर दंड पडतो का?"

मी तिला सांगितलं की उपहास हा नेहमीच युक्तिवाद नसतो. ती म्हणाली, तुझ्याशी वीस वर्षं युक्तिवाद करून बघितला, म्हणून इकडे वळले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शाळेच्या सुट्टीत सीमेपलीकडे स्ट्रासबुर्गला गेलो, मुद्दाम कार्डाच्या उद्घाटनाला. मी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, चटकन काढता यावं म्हणून. जाताना कोणी मागितलं नाही, येताना कोणी मागितलं नाही. कॅथेड्रलसमोर मी ते आपणहून काढून बघितलं. ईश्वरी म्हणाली, "पापा, पाइनलिश." म्हणजे लाज आणतोस.

ऊर्मिलाचे दोन मिस्ड कॉल आले होते. रोमिंगमध्ये कशाला, म्हणून उचलले नाहीत. फ्रान्समध्ये रोमिंगला वेगळा आकार पडत नाही, हे मला माहीत आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ऊर्मिलाला फोन केला. येत्या बुधवारी नोटीस देताहेत. प्रतापच्या आईचं वय झालंय, तिला हे लग्न बघायचंय, आता आणखी थांबायचं नाही असं त्या दोघांनी ठरवलंय.

"चार दिवस ये फक्त. आलास तर बुधवार पुढे ढकलते. नाही आलास तर नाही ढकलणार."

तेव्हा मी खरोखर बसून शोधलं. निष्कर्ष सरळ आहे. जर्मन पासपोर्ट नाही, म्हणून व्हिसा नाही. तातडीनं पासपोर्ट काढला तरी व्हिसासाठी भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला लागेल, आणि तो मी जमा केलेला नाही. कपाटातल्या त्या पासपोर्टवर जाऊन यायचं म्हटलं तर तो गुन्हा. ठणठणीत दिसतो म्हणून काय झालं? माझ्याकडे जे आहे त्यावर मी आइसलँडला जाऊ शकतो.

हे सगळं समजल्यावर मला वाईट वाटलं. नीट सांगायचं तर आधी हलकं वाटलं, मग वाईट वाटलं. क्रम नोंदवून ठेवतो.

ऊर्मिलाला पुन्हा फोन करून सांगितलं. जर्मन झालो हेही तेव्हाच सांगावं लागलं, नाहीतर बाकीचं समजलंच नसतं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तुला पासपोर्ट काढता येत होता, मी तुझ्याशी बोलले त्याच्यानंतर."

"हो. पण तेव्हा—"

"नाही, ठीक आहे. मला एवढंच विचारायचं होतं."

२ नोव्हेंबर, रविवार

सुलेखानं डिसेंबरची रजा टाकली आणि तिकीटही काढलं. मला जेवताना सांगितलं.

"तीन साक्षीदार लागतात. ऊर्मिलाच्या शाळेतली एक मैत्रीण आहे, प्रतापचा मामेभाऊ आहे. तिसरी मी."

"तिसरा मी होतो."

"माहितेय."

मग तिनं ईश्वरीला भाजी वाढली. मी म्हटलं की आमच्या बाजूनं कोणी तरी जातंय हे उत्तमच, शेवटी घरातलं माणूस महत्त्वाचं, कोणतं ते दुय्यम. सुलेखा म्हणाली, "हृषिकेश, जेव."

८ नोव्हेंबर, शनिवार

नानांचा फोन, आपणहून. आयुष्यात तिसऱ्यांदा असेल. पहिले दोन मृत्यूचे होते.

"फळ्यावर माझ्या मुलीचं नाव लागलंय. आमच्या कट्ट्यावर जाहीर वाचन झालं."

मी समोरची मुद्द्यांची चिठ्ठी शोधायला लागलो. वय, एकटेपणा.

"नाना, मी सांगणारच होतो—"

"दीड वर्ष ती फोन आला की गच्चीवर जाते. मी म्हातारा आहे, बहिरा नाही. प्रताप बरा माणूस आहे. दोनदा मला दवाखान्यात घेऊन गेलाय, शाळेतला सहकारी म्हणून. शाळेत बेदाण्याचं काय काम, मी विचारलं नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं मी? पहिल्या वेळी बोललो होतो, त्याचं काय झालं ते बघितलंस. ती म्हणाली दादा येणार आहे बोलायला. म्हटलं येऊ दे. पोरीच्या बाजूनं कोणी तरी उभं राहतंय, मग मी हो म्हणेन. मी सदरा इस्त्री करून ठेवला होता, दिवाळीच्या आधीपासून."

मी चिठ्ठी शोधणं थांबवलं.

"शेवटी काल मीच तिला म्हटलं, तुझं नाव फळ्यावर चुकीचं लिहिलंय का ते बघून आलो, बरोबर आहे. तर रडायला लागली. या वेळी उठून नाही गेलो."

"चांगलं केलंत नाना."

"आणि तुझं अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"जर्मन झालास ना. ईश्वरीनं सांगितलं, सप्टेंबरातच, तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत. तिला वाटलं मला माहीत असेल."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी—"

"वाटलं असतं थोडं. एखादा दिवस वाटलं असतं. मग दुसऱ्या दिवशी काय करायचं होतं मला? पोटाला घालतो तो देश आपला. मी कर्नाटकाच्या हद्दीत सात वर्षं कालवे मोजलेत." मग त्यांनी कोयनेतला पाणीसाठा सांगितला, मी न विचारता, आणि फोन ठेवला.

म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं. माझी गरज नव्हती, हे एका अर्थी चांगलंच आहे. मी उगाच दडपण घेतलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

परवाची शेवटची तीन वाक्यं वाचली. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. ब्रेकच्या चाचणीत गाडी ठरल्या जागी थांबली, मी मात्र आकडा टिपायलाच विसरलो.

ब्युर्गरब्युरोची वेळ घेतली. पासपोर्टसाठी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लग्न झालं. सुलेखानं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल कोणाच्या तरी हातात दिला, त्यामुळे मला मुख्यतः छताचा पंखा दिसला. मध्येच ऊर्मिला दिसली. हिरवी साडी, केसांत काहीच नाही, सही करताना जीभ दातांत धरलेली, चौथीत असताना धरायची तशी. प्रताप उंच आहेत, पुढे झुकून उभे राहतात, आपल्या उंचीबद्दल दिलगीर असल्यासारखे. मग सुलेखानं सही केली. पत्त्याच्या रकान्यात काय लिहिलं, विचारायचं राहिलं. माझ्या बहिणीच्या लग्नाचा कागद, त्यावर माझं आडनाव आहे. लिहिणारी बायको आहे.

नाना इस्त्रीच्या सदऱ्यात पडद्याजवळ आले.

"दिसतंय का रे?"

"हो नाना, सगळं दिसतंय."

पेढे वाटायला लागले तसे ते पडद्यासमोरून गेले. मोबाइल टेबलावर उताणा राहिला. मी बराच वेळ पंखा बघत होतो. बोलणी ऐकू येत होती, कोणाची ते ओळखता येत नव्हतं. शेवटी कोणाला तरी मोबाइल दिसला आणि त्यानं बंद केला. त्याआधी, कोणाचा आहे, असं विचारलेलं ऐकू आलं.

१ मार्च, रविवार

पासपोर्ट जानेवारीत आला. लालसर, कडक, उघडला की परत मिटतो. भारतीय पासपोर्ट म्युनिकला पाठवला; रद्दचा शिक्का बसून तो परत आला, सोबत दाखला. अपेक्षेपेक्षा कमी वाईट वाटलं, आणि तेच जरा लागलं. गेल्या आठवड्यात व्हिसाही आला. अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव मागतात. सांगलीचं घर बहुतेक वेळ बंदच असतं, नानांचा मुक्काम आता तासगावला असतो. मी प्रतापचं नाव लिहिलं. ज्या माणसाला कधी भेटलो नाही त्याच्या ओळखीवर मला माझ्या देशात प्रवेश मिळाला आहे. त्यांनी पिनकोड फार अगत्यानं सांगितला. मला "साहेब" म्हणाले.

आता सगळं हाताशी आलं, म्हणून आज ऊर्मिलाला फोन केला. एप्रिलच्या सुरुवातीला येतो म्हटलं. दोन आठवडे, नानांजवळ बसायला.

"एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही नाही आहोत रे. नेपाळला चाललोय, आम्ही आणि नाना."

"नाना? त्यांनी आयुष्यात पासपोर्ट काढला नाही."

"लागत नाही नेपाळला. मतदानाच्या कार्डावर जाता येतं. काठमांडूपासून पुढे गाडी केलीये. नाना नकाशे काढून बसलेत, कुठल्या नदीवर कुठलं धरण आहे ते बघत. ऐकत नाहीत कोणाचं."

ती हसत होती. तिचं असं हसणं मी कधी शेवटचं ऐकलं ते आठवत बसलो. मागे नाना कोणाला तरी मोठ्यानं सांगत होते की गंडकी म्हणजे आपली कृष्णा नव्हे.

मी बोलता बोलता शोधून पाहिलं. जर्मन माणसाला नेपाळला पासपोर्ट लागतो, कार्ड चालत नाही. पासपोर्ट माझ्याकडे आहे. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो.

"गाडीत अजून एकाची जागा आहे का?" मी विचारलं.

ती थोडी थांबली. टाळायचं म्हणून नव्हे, खरंच मोजत असावी.

"ह्यांना विचारून सांगते," ती म्हणाली. "गाडी लहान आहे, आणि नानांना पाय लांब करायला लागतात. बघते हं, दादा."

मी म्हटलं, विचार निवांत, मला घाई नाही. हे खरं नव्हतं, म्हणून इथे दुरुस्त करून ठेवतो.